ऑपरेटरला समज देण्यात आली

कुठल्याही छोट्या-मध्यम कारखान्याच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये जा, तिथे कस्टमर कंप्लेंटची एक फाइल असते, आता बहुतेक ठिकाणी एक्सेल असतं. त्यात प्रत्येक तक्रारीसमोर करेक्टिव्ह अ‍ॅक्शनचा रकाना असतो, म्हणजे तीच चूक परत होऊ नये म्हणून काय केलं ते लिहायची जागा, आणि भोसरी असो, चाकण असो, कोल्हापूरची शिरोली असो नाहीतर नाशिकचं सातपूर, त्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं वाक्य एकच, 'ऑपरेटरला समज देण्यात आली.' पुढे कधीकधी 'व ट्रेनिंग देण्यात आले' असं जोडलेलं असतं आणि पुरावा म्हणून हजेरीपत्रक, ज्यात त्या दिवशी रजेवर गावाला गेलेल्याचीही सही असते.

मी मशीन शॉपमध्ये क्वालिटीचं काम बरीच वर्षं करतेय आणि आता माझं ठाम मत झालंय की या वाक्यामुळे जेवढं नुकसान होतं तेवढं खराब टूलमुळे किंवा बंद पडलेल्या मशीनमुळेही होत नसेल. कारण एकदा हे वाक्य लिहिलं की शोध संपतो. माणूस सापडला, त्याला बोलून झालं, कस्टमरला मेल गेला, फाइल बंद. चूक मात्र मशीनपाशीच थांबलेली असते, पुढच्या माणसाची वाट बघत.

कस्टमरकडून मेल येतो, तुमच्या लॉटमध्ये अमुक पीस नॉट ओके, २४ तासांत पहिलं उत्तर द्या. मग रात्री आठ-नऊला केबिनमध्ये बसून 'फाइव्ह व्हाय' भरायचं. ही पद्धत टोयोटाची. पाच वेळा 'का' विचारायचं म्हणजे मुळापर्यंत पोचता येतं, आणि त्यांच्याकडे ते विचारायचं असतं मशीनपाशी उभं राहून, जिथे घोळ झाला तिथे. आमच्याकडे ते खुर्चीत बसून होतं. पीस चुकीचा का गेला? ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं? ट्रेनिंग कमी पडलं. ट्रेनिंग का कमी पडलं? नवीन मुलगा होता. झाले तीन. उरलेले दोन कसेतरी भरायचे. उत्तर आधीच ठरलेलं आणि प्रश्न नंतर जुळवलेले, दुसरं काय.

एक उदाहरण जरा नीट सांगते कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. एक साधी पट्टी होती, लांबट चौकोनी, एका कोपऱ्यात छोटी खाच आणि मध्यापासून थोडं सरकवून एक भोक. ड्रिलिंगच्या फिक्स्चरमध्ये (पीस जागेवर धरून ठेवणारा साचा) ठेवायची, क्लॅम्प ओढायचा, ड्रिल मारायचं. एका शिफ्टला शेकड्यांनी पीस. पट्टी उलटी ठेवली तरी फिक्स्चरमध्ये छान बसायची, क्लॅम्पही लागायचा, आणि भोक पडायचं दुसऱ्या बाजूला. नुसत्या नजरेने बघितलं तर कळायचंही नाही, कळायचं ते थेट कस्टमरच्या लाइनवर, बोल्ट लागेना की.

मग सुरू झाली नेहमीची जत्रा. समज देण्यात आली. फिक्स्चरच्या वर लॅमिनेट केलेला फोटो लावला, सुलट पट्टीवर बरोबरची हिरवी खूण आणि उलट पट्टीवर लाल फुली. कुलंटच्या तेलाने तो थोड्याच दिवसांत पिवळा पडला. मग शंभर टक्के इन्स्पेक्शन, म्हणजे दोन कॉन्ट्रॅक्टची पोरं बसवली, प्रत्येक पीस बघायचा आणि मार्करने ठिपका द्यायचा. आता यात गंमत अशी की दिवसभर ठिपके देणारा माणूस दुपारनंतर बघतच नाही, तो फक्त ठिपके देतो. हे त्या पोरांना नावं ठेवायला म्हणत नाहीये, तुम्हीआम्ही बसलो तरी तेच होईल, डोळा थकतो. तर ठिपका असलेलेच उलटे पीस कस्टमरकडे गेले आणि यावेळी मेलऐवजी डेबिट नोट आली. वर्गीकरणाला त्यांनी त्यांचीच माणसं लावली होती, त्यांचा तासाचा रेट आमच्याकडून वसूल.

त्या मशीनवरच्या मामांना (वय पन्नाशीच्या पुढे, सगळे मामाच म्हणतात) मी विचारलं की मामा, नेमकं होतं काय हो? तर ते म्हणाले, "मॅडम, पट्टी दोन्हीकडनं बसती, मग हात बसवणारच ना. त्या खाचंच्या जागेवर एक पिन मारा, उलटी ठिवली तर वरच राहील, क्लॅम्पच लागायचा नाही." मी म्हटलं मग हे आधी का नाही सांगितलं? "इचारलं कुणी?"

स्क्रॅपमधल्या रॉडच्या तुकड्याची पिन टर्न केली, फिक्स्चरला भोक मारून ठोकली, टूलरूमचा अर्धा तास गेला असेल. पट्टीला खाच एकाच कोपऱ्यात आहे, त्यामुळे ती बरोबर ठेवली तरच खाच पिनवर येते, फिरवून ठेवा, पालथी ठेवा, काहीही करा, भरलेला कोपरा पिनवर चढतो आणि पट्टी तिरकी उभी राहते. इन्स्पेक्शनची पोरं दुसऱ्या कामाला गेली. तो लॅमिनेट केलेला फोटो मात्र तसाच राहिला, तो काढायला कुणाची तरी परवानगी लागते म्हणे.

जपानमध्ये शिगेओ शिंगो नावाच्या इंजिनिअरने १९६१ मध्ये यामाडा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात असंच काहीतरी केलं होतं. तिथे एका छोट्या स्विचमध्ये दोन बटणांखाली दोन स्प्रिंग बसवायच्या असायच्या आणि कामगार अधूनमधून एक स्प्रिंग विसरायचे. साहेब लोक ओरडायचे, थोडे दिवस बरं चालायचं, परत तेच. शिंगोने सांगितलं की आधी डब्यातून दोन स्प्रिंग काढून एका बशीत ठेवा आणि मग जोडणी करा. काम झाल्यावर बशीत स्प्रिंग उरली म्हणजे विसरली, तिथल्या तिथे कळतं. विसरणं थांबलं नाही, माणूस विसरणारच, पण विसरलेला स्विच पुढे जाणं थांबलं. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की बशीला कुणावर राग नाही.

तरीही आपल्याकडे राग हाच क्वालिटीचा मुख्य उपाय मानला जातो. जो सुपरवायझर जास्त ओरडतो तो कडक, म्हणजे चांगला. नोटीस बोर्डवर 'बेस्ट ऑपरेटर ऑफ द मंथ' आणि शेजारी रिजेक्शनचा तक्ता नावांसकट. डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ, ज्यांची १९५० ची व्याख्यानं जपानी इंडस्ट्रीने मनावर घेतली आणि ज्यांच्या नावाचं प्राइझ पुढे आपल्याकडे सुंदरम-क्लेटनने १९९८ ला आणि महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने २००३ ला मिळवलं, ते सेमिनारमध्ये लाल मण्यांचा एक खेळ करायचे. खोक्यात चार हजार मणी, त्यातले आठशे लाल. श्रोत्यांमधूनच कामगार निवडायचे, पन्नास खळगे असलेली एक फळी द्यायची आणि सांगायचं की बुडवून मणी काढा, आम्हाला पांढरेच हवेत, लाल म्हणजे रिजेक्शन. आता खोक्यातच वीस टक्के लाल आहेत तर प्रत्येक फळीत दहाच्या आसपास लाल येणार, कुणाला सात, कुणाला तेरा. डेमिंग फोरमन बनून सातवाल्याचं कौतुक करायचे, तेरावाल्याला झापायचे, पुढच्या फेरीत नेमकं उलटं व्हायचं, मग कौतुक केलेला शेफारला म्हणून त्याला झापायचं. लोक हसायचे. सोमवारच्या प्रॉडक्शन मीटिंगला मी बसते तेव्हा हेच चाललेलं असतं, फक्त तिथे कुणी हसत नाही. डेमिंगचा स्वतःचा अंदाज होता की ९४ टक्के अडचणी सिस्टिमच्या असतात आणि ती सिस्टिम बदलायचा अधिकार मॅनेजमेंटकडे. आकडा थोडा मागेपुढे धरा हवं तर, पण खोक्यातले मणी कोण भरतं हा प्रश्न काही सुटत नाही.

आता वाया जाण्याबद्दल. टोयोटाचे ताइइची ओहनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितलेत, गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट बघणं, उगाच वाहतूक, उगाच प्रक्रिया, साठा, हालचाल आणि खराब माल, आणि त्यात पहिला नंबर त्यांनी खराब मालाला दिला नव्हता, जास्त बनवण्याला दिला होता. हे आमच्याकडे कुणालाच पटत नाही. मशीन चालू आहे ना, मग चालू दे, शिफ्टचं टार्गेट होऊ दे, आज नाही तर पुढच्या महिन्यात जाईल माल. मग बिन (माल ठेवायचे मोठे डबे) भरतात, बिनवर बिन चढतात, खालच्या बिनमधल्या मालाला पावसाळ्यात गंज येतो आणि त्याच ढिगात चुकीचा लॉट कुठे दडलाय ते शोधायला दोन दिवस जातात. माल कमी असता तर चूक एका बिनमध्ये सापडली असती.

चूक जितकी पुढे जाते तितकी महाग होते हे कळायला कास्टिंगसारखं, म्हणजे ओतीव भागासारखं, दुसरं उदाहरण नाही. आमच्याकडे कास्टिंग कोल्हापूरच्या फाउंड्रीतून यायचं. कास्टिंगच्या आत ब्लो होल असलं, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेली पोकळी, तर ते वरून दिसत नाही, मशीनिंग केल्यावर उघडं पडतं. आमच्या प्रोसेसमध्ये बोअर, टॅपिंग (भोकाला आटे पाडणं), सगळं करून झाल्यावर शेवटी एक फेस मारला जायचा, म्हणजे एक बाजू सपाट केली जायची, आणि ब्लो होल नेमकं त्याच फेसवर निघायचं. म्हणजे सगळा खर्च करून झाला की कळायचं पीस भंगारात गेला. मग फाउंड्रीवाल्याशी भांडण. तो म्हणणार कास्टिंगचे पैसे देतो, मशीनिंगचे नाही. आम्ही म्हणणार तुझ्यामुळे झालं. दोघांचंही बरोबर आणि भांडण वर्षानुवर्षं चालू. यावर केलं काय, तर ऑपरेशनचा क्रम बदलला, जो फेस दगा देतो तो पहिला मारायचा. फिक्स्चर थोडं बदलावं लागलं, सेटिंगवाल्याने कटकट केली, पण खराब कास्टिंग पहिल्या पाच मिनिटांत कळायला लागलं. ब्लो होल कमी झाले का? एकही नाही. ते फाउंड्रीचं काम, वाळूतली ओल, मेटलचं तापमान, हवा बाहेर जायच्या वाटा, तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी कोल्हापूरला जाऊन उभं राहावं लागतं.

शॉप फ्लोअरबद्दल एवढं सगळं बोललं जातं, काइझेन (सतत छोट्या छोट्या सुधारणा) काय, फाइव्ह एस (कामाची जागा आवरून नीट ठेवायची पाच पायऱ्यांची पद्धत) काय, पण खरी उधळपट्टी बघायची असेल तर ऑफिसमध्ये या. एकच आकडा किती वेळा टाइप होतो ते मोजा. डिस्पॅचवाला वहीत लिहितो, मग चलन, मग टॅलीमध्ये बिल, मग ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद), मग कस्टमरच्या सप्लायर पोर्टलवर पुन्हा तेच. पीओ (कस्टमरची खरेदी ऑर्डर) नंबरमधला एक अंक इकडचा तिकडे झाला की कस्टमरकडे जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) होत नाही, जीआरएन नाही तर बिल पास नाही, माल त्यांच्या गाड्यांना लागून रस्त्यावर पळतोय आणि आपले पैसे अडकलेत एका अंकासाठी. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा २००६ पासून आहे, पण बिलातच चूक सापडली की समोरच्याला आयतं कारण मिळतं. ई-वे बिलाच्या पार्ट ए मध्ये (मालाचा आणि बिलाचा तपशील) चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही, २४ तासांत कॅन्सल करून नवीन काढायचं, तोवर टेम्पोवाला गेटवर बिड्या ओढत बसलेला आणि वेटिंगचे पैसे मागतो, बरोबरच आहे त्याचं.

आणि इथेही मग अकाउंट्सच्या ताईला समज दिली जाते.

खरं तर कागदाच्या कामात शिंगोची बशी आपल्या खिशातच आहे, आपण बघत नाही इतकंच. जीएसटी नंबर घ्या. पंधरा अक्षरं, पहिली दोन राज्याची (आपल्या महाराष्ट्राची २७), मग दहा पॅनची, आणि शेवटचं पंधरावं अक्षर हे आधीच्या चौदांवरून गणित करून काढलेलं. एक अक्षर चुकलं की गणित जुळत नाही आणि सॉफ्टवेअर तिथेच अडवतं. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचाही असाच, त्यात व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाची १९६९ ची पद्धत वापरली आहे, एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी ती पकडते. ज्याने हे ठरवलं त्याने आधीच धरून चाललं होतं की लोक चुकणार. याउलट एनईएफटी बघा, कित्येक वर्षं नाव काहीही टाका, पैसे जायचे खाते क्रमांकावर. म्हणून तर खाते क्रमांक दोनदा टाइप करायला लावायचे, म्हणजे परत समजच. रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं नाव दाखवायची सोय करायला सांगितलं, ही सोय आयएमपीएस-यूपीआयला आधीपासून होतीच. एवढ्या साध्या गोष्टीला इतकी वर्षं लागली.

आमच्या डिस्पॅचला आम्ही काय केलं तर पीओ नंबर टाइप करणंच बंद केलं. प्रत्येक चालू पीओची आयटमवार यादी केली, त्यातून निवडायचं, पीओ संपला की तो यादीतून जातो. एक्सेलमध्येच केलं, एका डिप्लोमाच्या मुलाने, कुठलंही सॉफ्टवेअर विकत न घेता. त्याआधी एक सॉफ्टवेअरवाला डेमो देऊन गेला होता, त्याच्या कोटेशनमध्ये आमच्या अख्ख्या वर्षाच्या चुका बसल्या असत्या.

फाइव्ह एसबद्दल मात्र मी थोडी कडवट आहे. पिवळ्या रेघा, हत्यारांच्या सावल्या रंगवलेले बोर्ड, घोषणा, हे सगळं मूळ कल्पनेत उत्तमच आहे, पाना जागेवर सापडला तर शोधाशोध वाचते. पण आपल्याकडे ते मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून घर आवरतात तसं होतं. ऑडिटच्या आदल्या दिवशी नको असलेलं सामान मागच्या शेडमध्ये, ऑडिट झालं की परत जागेवर, आणि त्या शेडला कुणी ऑडिटर जात नाही हे सगळ्यांना माहीत असतं, ऑडिटरला पण.

दुसरी एक गोष्ट या लीनच्या, म्हणजे वाया जाणारं सगळं काढून टाकायच्या पद्धतीच्या, नादात होते. जे रिकामं दिसतं ते वाया जातंय असं समजून कापलं जातं. एका ठिकाणी दोन शिफ्टमधली दहा मिनिटांची ओव्हरलॅप काढून टाकली, ओव्हरटाइम वाचतो म्हणून. त्या दहा मिनिटांत काय व्हायचं, तर पहिल्या शिफ्टचा माणूस दुसऱ्याला सांगायचा, अरे तीन नंबरचा इन्सर्ट संपत आलाय, साइज थोडी वर चाललीय, ऑफसेट दिलाय बघ. म्हणजे टूलचं पातं झिजलंय आणि माप सांभाळायला मशीनच्या सेटिंगमध्ये थोडा फरक केलाय. ते कुठल्याच फॉर्मवर नव्हतं. बंद झाल्यावर दुसऱ्या शिफ्टचे सुरुवातीचेच पीस खराब निघायला लागले आणि त्यावर उपाय म्हणून एक नवीन हँडओव्हर फॉर्म आला, जो दोघंही न वाचता सही करतात.

मुंबईच्या डबेवाल्यांची गोष्ट प्रत्येक मॅनेजमेंटचा वक्ता सांगतो, सिक्स सिग्मा वगैरे, म्हणजे दहा लाखांत ३.४ चुका. झाकणावरचा रंगीत कोड सगळ्यांना पाठ झालाय. पण त्यांच्या प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जास्तीची असतात, कुणी आजारी पडलं, डबा राहिला, लोकल लेट झाली की तिथे धावायला, हे सहसा स्लाइडवर येत नाही. आमच्या एखाद्या कन्सल्टंटने पहिली तीच माणसं कमी केली असती. खुद्द टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर सप्लायर लोकांना काही महिन्यांच्या इलेक्ट्रॉनिक चिप्स साठवून ठेवायला लावल्या, ज्यांनी जगाला साठा म्हणजे पाप असं शिकवलं त्यांनीच, आणि २०२१ च्या सुरुवातीला चिप्सअभावी बाकीच्यांच्या लाइन थांबत होत्या तेव्हा त्यांनी जास्त तग धरला. नंतर त्यांनाही उत्पादन कमी करावं लागलं, ते सोडा. तर कुठलं रिकामपण कामाचं आणि कुठलं फुकटचं हे कागदावर कळत नाही, तिथे काम करणाऱ्याला कळतं.

आणि काम करणारा टिकतच नाही ही आजची खरी अडचण आहे. मामांसारखी माणसं रिटायर होतायत आणि मशीनवर येतात ती कॉन्ट्रॅक्टची पोरं, बीड, नांदेड, लातूरकडची, काही यूपी-बिहारची, हुशार असतात, पण काही महिन्यांत ब्रेक, म्हणजे काम बंद, परत नवीन बॅच. शेजारच्या कंपनीत दिवसाला पन्नास रुपये जास्त मिळाले की गुरुवारच्या सुट्टीला गेलेला पोरगा शुक्रवारी तिकडे दिसतो, आणि का जाऊ नये त्याने. त्याला मशीन ओळखीचं व्हायच्या आत तो गेलेला असतो. सजेशन बॉक्स आहे आमच्याकडे, कुलूपही आहे त्याला, किल्ली एचआरकडे. चांगल्या सूचनेला एक स्टीलचा डबा बक्षीस.

त्या पट्टीच्या फिक्स्चरचं पुढे काय झालं तेही सांगते. मामा रिटायर झाल्यावर ते फिक्स्चर झिजलं म्हणून टूलरूमने नवीन बनवलं, जुन्या ड्रॉइंगवरून. ड्रॉइंगवर पिन नव्हतीच, ती मामांच्या सांगण्यावरून ठोकलेली. नव्या फिक्स्चरवर नवीन पोरगा आणि पुढच्याच लॉटला उलटं भोक. यावेळी ड्रॉइंग बदललं, रिव्हिजन वाढवली, पिन दाखवली आणि समोर टीप टाकली, 'ही पिन काढू नये, काढल्यास पट्टी उलटी बसते.' टीप मराठीत आहे कारण टूलरूममध्ये ती वाचणारे मराठी आहेत. त्यावर कस्टमरच्या ऑडिटरने ऑब्झर्व्हेशन काढलं की ड्रॉइंगवरच्या नोट्स इंग्रजीत पाहिजेत. ते अजून ओपन आहे, मी उत्तर दिलेलं नाही.